बोर, सुपारी, लिंबू, संत्रे

माझ्या दवाखान्यात कुत्र्याच्या अंगावरच्या गाठीचे माप सेंटिमीटरमध्ये क्वचितच येते. ते बोराएवढे येते, सुपारीएवढे येते, लिंबाएवढे येते आणि हे नागपूर असल्यामुळे शेवटी संत्र्याएवढेही येते. फळाचे नाव सांगून झाले की पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : "चरबीची गाठ असंल ना, मॅडम?" विचारणाऱ्याला उत्तर नको असते, दुजोरा हवा असतो, हे इतक्या वर्षांत मला कळलेले आहे. मात्र त्या मापांना मी हसत नाही, कारण ती खरोखरच उपयोगी आहेत. कुत्रीच्या स्तनग्रंथीतील गाठीची अवस्था ठरवताना 3 आणि 5 सेंटिमीटर या दोन रेषा धरल्या जातात. सुपारी पहिल्या रेषेच्या अलीकडे राहते, लिंबू दोन्ही रेषांच्या मध्ये येते आणि संत्रे दुसरीच्या पलीकडे जाते. पहिल्या रेषेच्या अलीकडे असताना गाठ काढली तर पुढची वाट पुष्कळ सोपी असते. मांजरीसाठी याच रेषा 2 आणि 3 सेंटिमीटरवर आखलेल्या आहेत, म्हणजे मांजरीच्या पोटावर लिंबाएवढी गाठ दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. शिवाय कुत्रीच्या अशा गाठींपैकी साधारण निम्म्या घातक निघतात, तर मांजरीच्या दहांपैकी आठ-नऊ.

चरबीची गाठ नसतेच असे नाही. उतारवयातल्या लॅब्रॅडॉरच्या बरगडीवर मऊ, हाताखाली सरकणारी गाठ लागते आणि ती बऱ्याचदा निरुपद्रवी चरबीचीच असते. अडचण एवढीच आहे की बोटांना ते खात्रीने कळत नाही, माझ्याही नाही. मास्ट पेशींची, म्हणजे ॲलर्जीच्या वेळी कामाला लागणाऱ्या पेशींची, घातक गाठ कधीकधी हाताला तशीच मऊ लागते आणि तिच्यातून सूज आणणारे हिस्टामिन सुटत असल्यामुळे आज मोठी, उद्या लहान दिसून माणसाला भलताच दिलासा देते. म्हणून मी सुई लावते. इंजेक्शनची नेहमीची बारीक सुई गाठीत घालून दोन-तीन दिशांना हलवायची, सिरिंजमधल्या हवेने सुईतला ऐवज काचपट्टीवर उडवायचा, दुसऱ्या काचपट्टीने तो अलगद पसरायचा आणि पंख्याखाली वाळू द्यायचा, इतकेच ते काम आहे. भूल लागत नाही. बहुतेक कुत्री बिस्किटाकडे पाहत उभी राहतात. चरबीची पट्टी वाळतच नाही. रंग देण्याआधीच तिच्यावरचे तेलकट थेंब डोळ्यांना दिसतात. मास्ट पेशींची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या पेशी दिसतात आणि पुढचा अर्धा तास कुटुंबाला खुर्चीत बसवून बोलावे लागते. प्रत्येक गाठीचा उलगडा सुईने होत नाही, काहींचा तुकडा काढून तो पॅथॉलॉजीकडे पाठवावाच लागतो. पण 'बघू, वाढली तर दाखवू' या वाक्यापेक्षा सुई केव्हाही बरी.

'पूर्वी नव्हते हो असले आजार कुत्र्यांना,' हेही मला नेहमी ऐकावे लागते. पूर्वी कुत्री त्या वयापर्यंत पोचतच नव्हती, हे त्याचे खरे उत्तर आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपरसारखे साथीचे रोग पिल्लांनाच घेऊन जात. लसी आल्या, घरातले खाणे सुधारले, कुत्रे अंगणातून दिवाणखान्यात आले आणि बारा-तेरा वर्षे जगू लागले. दहा वर्षांपुढच्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कर्करोग होतो, असे अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशन सांगते. हा शहरी लाडांचा रोग आहे असे म्हणणाऱ्यांना मी बैलांच्या शिंगाच्या कर्करोगाची आठवण करून देते. सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयात, जे 1958 पासून विदर्भातली जनावरे तपासत आले आहे, तिथे शिकत असताना शिंगाचा कर्करोग हा आमच्या अभ्यासातला ठळक विषय होता. उन्हातान्हात नांगर ओढणारा बैल मान एका बाजूला झुकवू लागतो, शिंग खांबावर घासतो, एका नाकपुडीतून रक्त येते आणि शिंग मुळाशी ढिले होऊन वाकते. भारतात हा आजार शेतकऱ्याच्या कष्टकरी बैलांत जुना आहे, गायींपेक्षा बैलांत अधिक आहे, आणि पोळ्याला ज्या शिंगांना बेगड लागते त्याच शिंगांच्या पोकळीत तो वाढतो. त्या बैलांचे कोणी लाड केले होते, असे म्हणवत नाही.

मादी कुत्र्यांच्या बाबतीत मात्र माणसाच्या हातात बरेच काही असते, आणि तेच सर्वांत कमी वापरले जाते. पहिल्यांदा माजावर येण्याआधी नसबंदी झालेल्या कुत्रीत स्तनांच्या गाठीचा धोका नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या धोक्याच्या सुमारे 0.5 टक्केच उरतो, पहिल्या माजानंतर केली तर 8 टक्के आणि दुसऱ्यानंतर 26 टक्के, हे आकडे 1969 च्या एका अमेरिकन अभ्यासातले आहेत आणि अजूनही आम्ही तेच सांगतो. पुढच्या काळात त्या पुराव्याच्या भक्कमपणावर शंका घेतल्या गेल्या. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार आणि काही वेगळे कर्करोग वाढू शकतात, असेही दिसून आले. त्यामुळे जात, वजन आणि घरची परिस्थिती पाहून वेळ ठरवावी लागते. परंतु 'एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग तिला काही होत नाही,' या समजुतीला कोणताच आधार नाही, आणि माज लांबवण्यासाठी दिली जाणारी हार्मोनची इंजेक्शने तर धोका वाढवणारीच आहेत. या एका मुद्द्यावर माझा आवाज चढतो, हे माझा कंपाउंडरही सांगेल. नऊ वर्षांची पामेरियन संत्र्याएवढी, फुटलेली, माश्या बसणारी गाठ घेऊन येते, छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर गोल सावल्या दिसतात आणि घरचे विचारतात, 'ऑपरेशन करून टाकायचं का?' त्या वेळी ऑपरेशनचा हेतू रोग काढणे हा राहिलेला नसतो, दुर्गंधी आणि वेदना कमी करणे एवढाच उरतो, आणि हे वाक्य मी नीट उच्चारले तरी समोरच्याला ते नीट ऐकू जात नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट रस्त्यावरच्या कुत्र्यांची आहे, आणि ती सांगताना मला दर वेळी बरे वाटते. मोकाट कुत्र्यांमध्ये समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून पसरणारा एक कर्करोग असतो; त्याला आम्ही टीव्हीटी म्हणतो. जननेंद्रियावर, कधी नाकात, लालबुंद, फुलकोबीच्या वळणाची वाढ होते आणि रक्त ठिबकत राहते. कुत्रे पाळणारा किंवा खाऊ घालणारा माणूस ती माजाची किंवा लघवीच्या त्रासाची खूण समजतो. हा रोग विषाणूने होत नाही. कर्करोगाची जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते आणि तिथे रुजते. 1876 साली नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्याने ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रोपून दाखवली होती. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तिचा उगम 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्यात झाला असावा, असे मांडले. म्हणजे फुटाळा तलावाच्या काठावर मक्याच्या कणसांच्या गाड्यांखाली झोपणाऱ्या एखाद्या कुत्र्याच्या अंगावर जी गाठ असते, तिच्यातल्या पेशी त्याच्या नसतातच. त्या हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्यातरी कुत्र्याच्या, विभागत विभागत आजवर आलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गोल, सुट्या आणि पोटात स्वच्छ रिकाम्या पोकळ्या बाळगणाऱ्या दिसतात; एकदा पाहिल्या की विसरत नाहीत.

आणि या पुरातन रोगावरचे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीत आहे. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्या पानांत अत्यल्प प्रमाणात असणारे व्हिन्क्रिस्टिन 1960 च्या सुमारास वेगळे काढले गेले आणि 1963 साली अमेरिकेत मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. विभागणाऱ्या पेशीच्या आत जे धागे गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतात, ते धागे हे औषध बनू देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. टीव्हीटी झालेल्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा शिरेतून ते दिले की बहुतेक वेळा चार ते सहा आठवड्यांत गाठ नाहीशी होते, आणि दहांपैकी नऊ कुत्री पूर्ण बरी होतात. कर्करोगावर 'पूर्ण बरा' हा शब्द मी निश्चिंतपणे वापरते तो जवळजवळ इथेच. शिंगाच्या कर्करोगातही शस्त्रक्रियेबरोबर हेच औषध वापरले जाते. (हे वाचून कोणी कुंडीतली पाने वाटून कुत्र्याला पाजू नयेत. सदाफुलीचे झाड कुत्र्याला विषारी आहे आणि पानाच्या रसात कोणते द्रव्य किती आहे ते कोणालाच सांगता येत नाही. मधुमेहासाठी ती पाने चावणारे शेजारी मला माहीत आहेत, पण ते माझ्या अखत्यारीत येत नाहीत.)

रस्त्यावरच्या कुत्र्याला केमो देणे म्हणजे काय, हे एकदा पाहण्याजोगे आहे. एका अपार्टमेंटचा चौकीदार एका पिवळ्या कुत्रीला दर आठवड्याला सुतळीने बांधून सायकलच्या कॅरिअरवर पेटीत घालून आणत असे. आधी रक्ताची तपासणी, कारण पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील तर इंजेक्शन पुढे ढकलावे लागते. मग पुढच्या पायावरचे केस काढून शिरेत कॅथेटर बसवायचे, ते चिकटपट्टीने पक्के करायचे आणि आधी साधे सलाइन सोडून शीर फुटलेली नाही याची खात्री करायची. कारण व्हिन्क्रिस्टिनचा थेंब शिरेबाहेर गेला तर तिथली कातडी सडते. या सगळ्या वेळात तो माणूस तिचे डोके मांडीवर धरून तिच्याशी एकसुरात बोलत राहायचा : "बस, झालं माय, झालं." कॅथेटर नीट बसल्यावर औषध एक मिनिटाचे. शेवटच्या इंजेक्शनानंतर तिची नसबंदीही करून घेतली, कारण तशीच सोडली असती तर पुन्हा तोच रोग चालत आला असता. इथे उपचाराचा खर्च औषधाचा नव्हता, व्हिन्क्रिस्टिनची कुपी स्वस्त असते. खरा खर्च त्या चौकीदाराच्या सकाळींचा होता, आणि तो त्याने बोलूनही दाखवला नाही.

माणसांच्या कर्करोगासाठी नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. गोंदिया-गडचिरोलीपासून लोक इथे येतात. प्राण्यांच्या बाबतीत चित्र साधे आहे. आपल्या देशातल्या बहुतेक शहरांत प्राण्यांसाठी रेडिओथेरपी नाही, आणि असली तरी प्रत्येक बैठकीला पूर्ण भूल द्यावी लागते, कारण कुत्र्याला 'हलू नकोस' असे सांगता येत नाही. म्हणून आमच्या हातात शस्त्रक्रिया, केमो आणि वेदनाशमन एवढेच उरते. केमोची औषधेही माणसांचीच असतात. धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांभोवतीच्या औषधांच्या दुकानांतून ती आणावी लागतात. एकदा मी लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलेल्या एका काकांना काउंटरवरच्या मुलाने विचारले, "पेशंटचं वय काय?" काका म्हणाले, "नऊ." मुलगा क्षणभर थांबला, त्याने मालकाला हाक मारली आणि मालकाने न मागता किंमत कमी केली. 'बंटी हा लॅब्रॅडॉर आहे, हे त्याला सांगायला माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही,' असे काका मला नंतर म्हणाले. पुढच्या वेळी मात्र त्यांनी सांगितले, आणि सवलत कायम राहिली.

हे काका नागपूरच्या महाल भागात राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात ते आणि बंटी दोघेच, मुलगा पुण्यात. दिवाळीनंतर जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी लागल्या म्हणून ते आले. गाठी खांद्यापुढेही होत्या, गुडघ्यामागेही होत्या, म्हणजे त्या लिम्फ ग्रंथी होत्या. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय गोचीडतापाचा घ्यावा लागतो. एर्लिकियाच्या संसर्गानेही ग्रंथी सुजतात, प्लेटलेट उतरतात, ताप येतो आणि साध्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी कुत्रे उभे राहते. बंटीच्या बाबतीत सुईने तसे सांगितले नाही. काचपट्टीभर एकाच तऱ्हेच्या मोठ्या, कच्च्या लसिकापेशी होत्या : लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग. सुदैवाने त्याआधी कोणी त्याला स्टिरॉइड टोचलेले नव्हते. हे सुदैव म्हणण्याचे कारण असे की स्टिरॉइडने अशा गाठी दोन दिवसांत विरघळतात, घरचे खूश होतात, निदान धूसर होते आणि महिना-दीड महिन्यानंतर रोग परततो तेव्हा बाकीच्या औषधांनाही तो दाद देत नाही. 'इंजेक्शन दिलं तर गाठ बसली होती,' असे सांगत माझ्याकडे आलेल्या कुत्र्यांची आठवण झाली की अजूनही मनस्ताप होतो. एकट्या स्टिरॉइडची वेळ येते, पण ती निदानानंतर, आणि पुढे केमो करायचा नाही असे ठरल्यावर.

मी काकांना आकडे सांगितले. काहीच केले नाही तर साधारण चार ते सहा आठवडे. फक्त प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले तर एक-दोन महिने. चार औषधांचा पूर्ण क्रम, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून चॉप म्हणतात, तो पाच-सहा महिने चालवला तर दहांपैकी आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी पूर्ण मावळतात, आणि निम्मी कुत्री साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त जगतात. पूर्ण बरे होणारे फार थोडे. काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून विचारले, "त्याचे केस जातील का?" बहुतेक कुत्र्यांचे जात नाहीत, पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे जातात, बाकीच्यांच्या मिशा तेवढ्या झडतात. "उलट्या?" काहींना, एक-दोन दिवस, त्यासाठी गोळ्या देऊन ठेवतो. माणसाच्या केमोचे जे भय घराघरांत बसले आहे ते कुत्र्याच्या केमोला जसेच्या तसे लागू नाही, आणि त्याचे कारण कुत्रे काटक असते हे नव्हे. आम्ही मात्राच कमी देतो. माणसाला दहा-वीस वर्षे मिळण्याची आशा असते म्हणून तो काही महिने नरकयातना सोसायला संमती देतो. कुत्र्याला संमती देता येत नाही, पुढचे वर्ष ही कल्पनाच त्याच्याजवळ नाही, आणि आजची मळमळ कशासाठी हे त्याला कोणी समजावू शकत नाही. म्हणून औषधाने त्याचा आजचा दिवस बिघडू लागला की औषध कमी करायचे किंवा थांबवायचे, हाच या शास्त्राचा पाया आहे. काही सहकारी याला अर्धवट उपचार म्हणतात. मला यातच पशुवैद्यकाची जास्तीत जास्त शहाणी बाजू दिसते.

घरची शिस्त मात्र अर्धवट चालत नाही. केमोनंतरचे दोन-तीन दिवस कुत्र्याची लघवी, विष्ठा, उलटी हातमोजे घालूनच उचलायची; गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्यापासून लांब राहायचे. सायक्लोफॉस्फमाइडची गोळी सकाळीच द्यायची आणि दिवसभर भरपूर पाणी पाजून त्याला वारंवार बाहेर न्यायचे, कारण ते द्रव्य मूत्राशयात साचले तर तिथून रक्त येते. डॉक्सोरुबिसिन हृदयावर घाव घालते, म्हणून त्याचा आयुष्यभराचा हिशेब ठेवायचा. मांजर असेल तर नियम पुन्हा वेगळे : सिसप्लॅटिनने मांजर मरते आणि घरात सहज सापडणारी पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही तिला जीवघेणी ठरू शकते. 'दुखत होतं म्हणून आमची गोळी दिली' या वाक्याला मी कर्करोगाइतकीच भिते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर 2006 साली बंदी आली ती ते औषध दिलेली मेलेली जनावरे खाऊन मरणाऱ्या गिधाडांमुळे, परंतु कुत्र्याचे पोट आतून रक्तबंबाळ करायलाही ती गोळी पुरेशी असते.

हाडाच्या कर्करोगाविषयी थोडेच सांगते, कारण तिथे बोलणे फार आणि वेळ कमी असतो. रॉटवायलर, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या कुत्र्याचा पुढचा पाय खांद्याजवळ किंवा मनगटाजवळ सुजला आणि लंगडणे आठवड्याभरात कमी झाले नाही, तर मुरगळला असेल म्हणत तेल चोळत बसू नये, एक्स-रे काढावा. पाय कापला तर साधारण चार-पाच महिने मिळतात, नंतर केमो दिला तर दहा-बारा. पाय कापण्याला घरचे हादरतात. कुत्रे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीन पायांवर फाटकापर्यंत जाऊन येते, कारण जो पाय गेला तो त्याला कधीचा नकोसा झालेला असतो.

बंटीचा क्रम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपला. गाठी तिसऱ्या आठवड्यातच मावळल्या होत्या. एप्रिल-मे मध्ये नागपूर पंचेचाळीसला टेकले तेव्हा तो कूलरसमोर आडवा पसरून असायचा आणि संध्याकाळी काकांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की उठून फाटकाशी जायचा. त्या काळात मी काकांना एक काम लावून दिले होते. अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी अशा रुग्णांसाठी सात गोष्टींची मोजपट्टी तयार केली आहे : वेदना, भूक, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत की नाही. ती चांगली आहे, पण दहापैकी गुण देण्याचे काम काकांना जमेना. त्यांनी स्वतःच्या तीन खुणा ठरवल्या. फाटकाशी जातो का, भाकरीचा कडक पापुद्रा खातो का, आणि मागच्या भिंतीवर मांजर येऊन बसली की तिच्याकडे पाहून गुरगुरतो का. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते रोज बरोबरची खूण किंवा फुली करीत. त्यांचे हे माप मला छापील मापापेक्षा नेमके वाटले, कारण ते बंटीचे होते. दुसऱ्या कुठल्या कुत्र्याचे नव्हते.

पोळ्याच्या सुमारास गाठी परत आल्या. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, तो माझ्याशी फार अदबीने आणि बापाशी जरा घाईने बोलत होता. "मॅडम, दुसरं काही औषध असेल तर द्या. बाबा, तुम्ही खर्चाचं टेन्शन घेऊ नका, मी आहे." दुसरे औषध होते. लोमस्टिन देता आले असते. अशा दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा कमी कुत्री प्रतिसाद देतात आणि तो टिकतोही कमी, हे मी दोघांनाही सांगितले. मुलाला त्यातला 'प्रतिसाद' ऐकू आला. काका बराच वेळ टेबलावर झोपलेल्या बंटीचा कान बोटांत धरून होते. मग म्हणाले, "खर्चाचं नाही रे. मांजर भिंतीवर येऊन बसते, अन् हा तिच्याकडे पाहून नाही राहिला." मुलगा म्हणाला, "म्हणजे काय, बाबा?" त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

मी मुलाची बाजू चुकीची मानत नाही. दूर राहणाऱ्या माणसाला पैशाखेरीज पाठवण्याजोगे दुसरे काही नसते, आणि त्या पैशामागची माया खोटी नसते. पण रोज कॅलेंडरवर खूण करणाऱ्याने काय पाहिले आहे, ते रिपोर्टच्या पीडीएफमध्ये येत नाही. माणसाच्या दवाखान्यात अशा वेळी रुग्णाला विचारता येते. आमच्याकडे रुग्णाच्या सर्वांत जवळ बसलेल्याला विचारावे लागते, आणि एकदा विचारल्यावर त्याचे उत्तर मानावे लागते. मी मुलाला हे इतक्या शब्दांत सांगितले नाही. मी त्याला एवढेच विचारले, की तो नागपूरला कधी येऊ शकेल. तो तिसऱ्या दिवशी आला.

दयामरणाबद्दल लोकांना भीती अशी असते की आपण जीव घेतला. मी त्यांना क्रम सांगते, कारण क्रम कळल्याने भीती उतरते. आधी गुंगीचे इंजेक्शन, ते पायाच्या स्नायूत, त्याचे टोचणे जाणवते. दहा-पंधरा मिनिटांत प्राणी गाढ झोपतो. मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. आधी श्वास थांबतो, मग हृदय. डोळे मिटत नाहीत, नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखा भासतो, लघवी होऊ शकते. हे आधी सांगितले नाही तर घरचे घाबरतात आणि ते दृश्य वर्षानुवर्षे घेऊन फिरतात. कोणी जवळ थांबायचे ते त्यांनी ठरवावे. मुले असतील आणि त्यांना थांबायचे असेल तर थांबू द्यावे. 'त्याला शेतावर पाठवलं' असे सांगणारे आईबाप पुढे मुलाच्या प्रश्नांना कसे तोंड देतात, मला कळत नाही. घाई झाली की काय, हा प्रश्न मला नंतर कितीतरी लोक विचारतात. माझ्या अनुभवात घाई करणारे थोडे असतात. बहुतेक जण आठवडाभर उशीर करतात, आणि तो आठवडा प्राण्याला जातो तेवढा जड दुसरा कोणालाच जात नाही.

दिवाळीच्या आधी काका एकदा दवाखान्यात आले, हातात औषधांची पिशवी होती. सायक्लोफॉस्फमाइडच्या उरलेल्या गोळ्या कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका, माझ्याकडे परत आणा, असे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि ते त्यांच्या लक्षात होते. त्या मी 'सायटोटॉक्सिक', म्हणजे पेशींना विषारी, अशी चिठ्ठी लावलेल्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. ती पिशवी जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीबरोबर जाते. उलटीच्या गोळ्यांची दोन पाकिटे न उघडलेली होती, त्यांची तारीख बाकी होती. "याचं कोणाले काम पडंल का?" त्यांनी विचारले. बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती, तिच्या पायाशी टीव्हीटीची दोन इंजेक्शने झालेला रस्त्यावरचा काळा कुत्रा होता आणि आदल्या आठवड्यात त्याला दोनदा उलटी झाली होती. मी पाकिटे तिला दिली आणि त्याच्या वजनाप्रमाणे गोळीचा किती भाग द्यायचा ते पाकिटावर पेनाने लिहिले. काकांनी तिला कुत्र्याचे नाव विचारले. तिने अजून ठेवलेले नव्हते.